गाव सावरणारी पेढी : नाशिक जिल्ह्यातल्या व्यापारी पुढाकाराची पार्श्वभूमी

मनमाडकडून येवल्यात शिरलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पैठणीच्या दालनांच्या पाट्या सुरू होतात. शिर्डीला निघालेल्या गाड्या थांबतात, बायका उतरतात, 'बघायला काय जातंय' म्हणत आत शिरतात आणि तासाभराने पिशवी घेऊन बाहेर येतात. साडीसाठी लोकांनी उठून येवल्याला यावं, हे तसं अलीकडचं. आधीच्या पिढ्यांत येवल्याची पैठणी गठ्ठ्यात बांधून मुंबई-पुण्याच्या दुकानांत जाई. गावाचं नाव साडीच्या घडीत राहून जाई आणि मुख्य नफा शहरातल्या गल्ल्यावर पडे. गिऱ्हाईक गावात आलं तेव्हा चहावाला, लॉजवाला, रिक्षावाला, फॉल-पिको करणारी बाई अशा सगळ्यांच्या हाताला काम आलं.

एखादा दुकानदार किंवा कारखानदार पुढे होतो आणि मरगळलेल्या गावात जान आणतो, अशा बातम्या अधूनमधून येतात. कुणी स्वखर्चाने तळ्यातला गाळ काढतो, कुणी बंद पडलेली बाजारपेठ सुरू करतो, कुणी नगराध्यक्ष होऊन गटारी बांधतो. बातमीत तो माणूस एकटाच दिसतो. नाशिक जिल्ह्यापुरतं बोलायचं तर या पुढाकाराला निदान दोनअडीचशे वर्षांची परंपरा आहे आणि ती फार सरळ नाही. गाव उभं करणारे शेठ इथे झाले, तसे गाव मुठीत ठेवणारेही झाले. कधी कधी दोन्ही कामं एकाच माणसाने केली.

मक्त्यावर वसलेली पेठ

येवल्यापासूनच सुरुवात करू. 1883 मध्ये छापल्या गेलेल्या नाशिक जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरने इथल्या रेशीमधंद्याची हकिकत नोंदवली आहे. येवल्याचे रघोजी नाईक यांनी श्यामदास नावाच्या एका गुजराती वाण्याला भरघोस आश्वासनं देऊन गावात आणलं. या वाण्याने पदरचे पैसे घालून विणकर आणले, त्यांना घरं दिली, माग बसवून दिले. बदल्यात त्याला काय मिळालं? रेशमी कापडाचा मक्ता. म्हणजे येवल्यात नवा माग टाकायचा तर आधी या मंडळींची संमती हवी. पुढे येवलं विंचूरकरांच्या जहागिरीत आलं, पेशवाई बुडाली, इंग्रज आले, तरी मक्ता चालूच होता. 1864 च्या सुमारास कोर्टाच्या निकालाने तो संपला आणि ज्याला माग टाकायचा त्याला वाट मोकळी झाली.

मला या हकिकतीतली सौद्याची बाजू महत्त्वाची वाटते. रघोजी नाइकांना गाव वसवायचं होतं. शेतसाऱ्यावर पेठ उभी राहत नाही, त्यासाठी कसबी माणसं लागतात. कसबी माणसं आणायला भांडवल लागतं आणि भांडवलवाल्याला हमी लागते. पाटील, वाणी आणि विणकर यांच्या या त्रिकुटातून येवलं उभं राहिलं. 1878 मध्ये दौंड–मनमाड रेल्वे सुरू झाली आणि येवल्याला स्टेशन मिळालं. मक्ता मोडून पंधरा वर्षंही झाली नव्हती. कच्चं रेशीम बाहेरून येत होतं, तयार माल बाहेर जात होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेशीम, सुती कापड आणि सोन्या-चांदीची तार यांसाठी मुंबई इलाख्यातल्या महत्त्वाच्या गावांत येवल्याची गणना होई.

या सगळ्यात विणकराचं बळ किती होतं, हा प्रश्न आहेच. खत्री, साळी, कोष्टी, मोमीन अशा वेगवेगळ्या समाजांचे लोक मागावर बसत. रेशीम आणि जरीची तार व्यापाऱ्याची, माग कधी स्वतःचा तर कधी त्याचाच, आणि हातात येणारी ती मजुरी. अडचणीला 'उचल' घ्यायची आणि ती फिटेपर्यंत दुसऱ्याचं काम धरायचं नाही. मक्ता कोर्टाने मोडला, उचल मोडायला मात्र कुठलं कोर्ट आलं नाही.

पालिकेतले शेठ

येवल्याची नगरपालिका 1858 ची. नाशिक शहराची 1864 ची, म्हणजे तालुक्याचं गाव जिल्ह्याच्या गावाच्या आधी. त्या वेळी 1850 चा सव्विसावा कायदा होता. ज्या गावच्या लोकांना पालिका हवी असेल त्यांनी ती मागायची, अशी त्याची ठेवण होती. मागणार कोण? रस्ता, दिवाबत्ती, पहारा यांची गरज ज्यांच्या मालाला होती ते. बाजारपेठेत चोरी झाली तर नुकसान पेढीचं, पावसात चिखल झाला तर गाडी अडते ती पेढीचीच. म्हणून या जुन्या पालिकांच्या पहिल्या कामांत पेठेतला रस्ता, कंदील आणि विहिरी दिसतात.

1882 मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि पालिकेत निवडून आलेल्या सभासदांची संख्या वाढली. पण मत कर भरणाऱ्याला किंवा मालमत्ता असणाऱ्याला होतं. भाड्याच्या खोलीत माग चालवणाऱ्याला नव्हतं आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तर नव्हतंच. त्यामुळे 'गावाच्या भल्यासाठी शेठजींनी विहीर खणली' असं वाचताना त्या विहिरीवर कुणाला पाणी भरता येत होतं, हेही विचारावं लागतं. नाशिकमध्ये 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे पाच वर्षं चालला. त्यानंतर 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यात. रेशमाने भरभराटलेल्या, पालिका येऊन पाऊणशेहून जास्त वर्षं झालेल्या या गावातल्या त्या जागेला आज मुक्तिभूमी म्हणतात. व्यापारी पुढाकाराच्या कौतुकात ही तारीख सहसा येत नाही. ती यायला हवी, कारण गाव सावरलं म्हणताना गावात कोण कोण धरलं होतं, हे त्या तारखेशिवाय कळत नाही.

धर्मादाय, पाणपोई आणि पंख्याची पाती

पालिकेची तिजोरी कायमच तोकडी. तिच्या पलीकडे गावाला जे लागे ते वर्गणीतून होई, आणि वर्गणीला एक ठरलेली वाट होती. बाजारात मालाचा सौदा झाला की हमाली, तोलाई कापली जाई, तशीच एक छोटी रक्कम 'धर्मादाय' म्हणून बाजूला पडे. पांजरापोळ, धर्मशाळा, मंदिराचा दिवा, पुढे पुढे शाळा यांचा खर्च त्यातून निघे. पैसे कापले जात शेतकऱ्याच्या पट्टीतून, पाटीवर नाव लागे पेढीचं. ही मेख लोकांच्या लक्षात नव्हती असं नाही. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात या 'धर्मादा' रकमेसाठी वेगळं कलमच घातलं गेलं. अशी रक्कम घेणारा व्यापारी तिचा मालक नसून विश्वस्त आहे आणि तिचा हिशेब त्याने द्यावा, असा त्याचा आशय. 1963 च्या बाजार समिती कायद्याने सौद्यातल्या मनमानी कपातींनाही वेसण घातली.

धर्मादाय आटला तरी देणं थांबलं नाही, त्याचं रूप बदललं. गुढीपाडव्याला पेठेत पाणपोई लागते. रांजणाला ओलं लाल फडकं, वर लाकडी झाकण, बाजूला दांड्याचं पितळी ओगराळं आणि वर कापडी फलक : अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ. शाळेच्या पायरीवर दगडात नाव. वाचनालयाच्या कपाटावर नाव. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका सभागृहात छताच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं होतं. पंखा बंद असला की नाव वाचता यायचं, सुरू झाला की दिसेनासं व्हायचं. उन्हाळ्यातल्या सभेत एक आजोबा म्हणायचे, "शेठजींचं नाव वाचू का वारा घेऊ?" त्या सभागृहात नंतर एसी बसला. त्यावरही नाव आहे, फक्त स्टिकर.

यातला गमतीचा भाग सोडला तरी एक गोष्ट उरते. या देणगीतून वास्तू उभ्या राहिल्या, पण त्या चालवायची जबाबदारी कुणाची, हे अनेकदा ठरलंच नव्हतं. धर्मशाळा पडक्या झाल्या त्या याच कारणाने.

चांदवड : रेल्वेने टाकलेलं गाव

चालवण्याची जबाबदारी घेतली तर काय होतं, हे बघायचं असेल तर चांदवडला जावं. मुंबई–आग्रा रस्त्यावर, घाटाच्या पायथ्याशी वसलेलं हे होळकरांचं ठाणं. अहिल्याबाईंचा रंगमहाल इथे आहे. इथे टांकसाळ होती आणि इथला चांदवडी रुपया दूरवर चाले. 1860 च्या दशकात रेल्वे आली ती मनमाडवरून. बैलगाड्यांचे तांडे, त्यांच्या मुक्कामावर जगणारे शिंपी, लोहार, हलवाई, अडते यांचं पोट ज्या रस्त्यावर होतं त्या रस्त्याचं महत्त्व एका पिढीत उतरलं. मनमाड वाढलं, चांदवड मागे पडलं.

1928 मध्ये या गावात श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. केशवलालजी आबड, ज्यांना सगळे काकाजी म्हणत, हे त्याचे संस्थापक. खेड्यापाड्यांत पसरलेल्या जैन कुटुंबांतल्या मुलांना राहायला-शिकायला जागा हवी, ही मूळ गरज. नाशिक, नगर, खानदेशात किराणा-कापडाची दुकानं थाटलेल्या या समाजाचं गाव एक नव्हतं. पण मुलगा सातवीनंतर कुठे ठेवायचा, ही चिंता सगळ्यांची एकच होती. वर्गणी म्हणूनच येत राहिली. आज त्या आवारात शाळेपासून अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि विधी महाविद्यालयापर्यंत सगळं आहे, आणि सगळ्या जातिधर्मांची पोरं तिथे शिकतात. सकाळी एसटी स्टँडवर उतरणारी गर्दी बघितली की गावाचा धंदा कशावर चाललाय ते कळतं. खानावळी, झेरॉक्सची दुकानं, पोरांना खोल्या भाड्याने देणारी घरं, गणवेश शिवणारे शिंपी. रेल्वेने पळवलेली वर्दळ शाळेने परत आणली, असं म्हणायला हरकत नाही.

इथल्या इमारतींवरही देणगीदारांची नावं आहेतच. फरक इतकाच की नाव लावून देणगीदार घरी गेले नाहीत. विश्वस्त मंडळ, निवडणूक, हिशेब, भांडणं अशी सगळी झेंगटं सांभाळत संस्था चालू ठेवली गेली. संस्था चालवणं हे वर्गणी देण्यापेक्षा फार कंटाळवाणं काम आहे. त्याचे फोटो निघत नाहीत.

रावळगावची गोळी

मालेगाव तालुक्यातल्या रावळगावची गोष्ट वेगळ्या मापाची आहे. सोलापूरच्या व्यापारी घराण्यातले वालचंद हिराचंद यांना स्थानिक दुकानदार म्हणणं जरा धाडसाचंच. रेल्वेची कंत्राटं, 1919 ची सिंदिया जहाज कंपनी, पुढे 1940 मध्ये बंगळुरूचा विमान कारखाना. पण 1923 च्या सुमारास त्यांनी रावळगावात सुमारे 1,500 एकर खडकाळ जमीन घेतली आणि तिथे शेतीतज्ज्ञ, इंजिनिअर, रसायनतज्ज्ञ आणून बसवले. माळरानावर ऊस घ्यायचा हा हट्ट त्या वेळी अनेकांना खुळेपणाचा वाटला असणार. 1932 मध्ये सरकारने देशी साखरेला आयात साखरेपासून संरक्षण दिलं. देशभर कारखाने उगवले, त्यातलाच 1933 चा रावळगावचा. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत आली आणि चार घरांच्या गावाला भोंग्याची वेळ मिळाली.

1942 मध्ये तिथे गोळ्या-चॉकलेटं बनू लागली. चेरी, मँगो मूड, पान पसंद. रावळगाव कुठे आहे हे न सांगता येणाऱ्या माणसानेही रावळगावची गोळी चघळली आहे. वाण्याच्या काउंटरवरच्या काचेच्या बरणीत हात घालून सुट्या पैशांऐवजी गोळी द्यायची, तर ती रावळगाव. एका उद्योजकाने एका गावाचं नाव देशाच्या जिभेवर ठेवलं, याला तोड नाही.

पण ते गाव कंपनीचं होतं. पाणी, रस्ता, घर, सण, सगळ्याचा धागा एका कचेरीत जाई. कचेरी भरभराटीत असेतो हे सोयीचंच. पुढे बाजारात स्पर्धा वाढली, कच्चा माल महागला, वाटा घटत गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनीने या गोळ्यांच्या ब्रँडांचे आणि पाककृतींचे हक्क रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीला 27 कोटी रुपयांना विकले. गोळी राहिली, वेष्टनावर गावाचं नावही राहिलं. निर्णय झाला तो कंपनीच्या संचालक मंडळात. तिथे गावाला खुर्ची नव्हती आणि कायद्याने ती असायचं कारणही नव्हतं.

जाता जाता एक योगायोग. वालचंदांच्या बंगळुरूच्या विमान कारखान्यातूनच पुढे एचएएल ही सरकारी विमान कंपनी उभी राहिली आणि 1960 च्या दशकात ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. रावळगाव आणि ओझर, जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन वसाहती, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस. 1927 चं महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सही त्यांनीच स्थापन केलेलं. मराठी मुलखातल्या व्यापाऱ्याने आपापल्या दुकानापुरतं न पाहता एकत्र येऊन सरकारशी बोलावं, ही सवय त्या संस्थेने लावली.

त्या सवयीचं नाशिकमधलं फळ म्हणजे सहकारी औद्योगिक वसाहती. 1962 मध्ये एमआयडीसी हे राज्य सरकारचं औद्योगिक महामंडळ स्थापन झालं. त्याच काळात सातपूरला इथल्या उद्योजकांनी स्वतःची सहकारी वसाहत उभारली, ती 'नाईस'. तिच्या उभारणीशी बाबूभाई राठींचं नाव जोडलेलं आहे. महाराष्ट्र चेंबरच्या नाशिकच्या सभागृहालाही त्यांचंच नाव आहे. सिन्नरला मुसळगावची औद्योगिक वसाहतही सहकारी. विडी वळून बोटं झिजवणाऱ्या बायकांच्या या गावात त्यांच्या मुलांना कारखान्याचं कार्ड मिळालं ते या वसाहतींमुळे.

लासलगाव : एकजुटीची दुसरी बाजू

व्यापारी एकत्र आले की गावाचं भलंच होतं, असं समजायचं कारण नाही. लासलगावची बाजार समिती 1947 ची. कांद्याच्या लिलावाने हे गाव देशाच्या नकाशावर आणलं. ट्रॅक्टरच्या रांगा, फाळक्यावर चढून मूठभर कांदे उचलून पाहणारा व्यापारी, भाव पुकारणारा, मागे पळणारा शेतकरी. मिनिटभरात सौदा आणि चिठ्ठी. गावातली बँक, हॉटेल, टायरचं दुकान, बारदानवाला, सगळे या मिनिटावर जगतात.

19 ऑगस्ट 2023 रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. 20 सप्टेंबरपासून जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी सुमारे दोन आठवडे लिलाव बंद ठेवले. मागण्या रास्त होत्या की नव्हत्या, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं. पण चाळीत सडणाऱ्या कांद्याला बंदचं कारण कळत नाही. ज्या एकजुटीने गावाला बाजार मिळाला, तीच एकजूट बाजार बंदही करू शकते. शेठजींचं नेतृत्व गृहीत धरणाऱ्यांनी लासलगावात बंदच्या दिवशी एक चक्कर मारावी. चहाची टपरीसुद्धा उघडत नाही.

मोहाडीचा प्रयोग

दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत जे झालं ते या पार्श्वभूमीवर पाहिलं तर त्याचं वेगळेपण दिसतं. विलास शिंदे हे आडगावच्या शेतकरी कुटुंबातले, राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेले. शेतीत आणि दुग्धव्यवसायात हात पोळून घेतल्यावर 2004 च्या सुमारास थोड्या शेतकऱ्यांना घेऊन त्यांनी युरोपला द्राक्षं पाठवायला सुरुवात केली. 2010 च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत सीसीसी या वाढ-नियंत्रकाचे अंश सापडले, कंटेनर अडले आणि नाशिकच्या अख्ख्या द्राक्षपट्ट्याला हादरा बसला. अनेक निर्यातदार त्यात बुडाले.

इथे एक कायद्याचा धागा आहे. 2002 मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन 'उत्पादक कंपनी' हा प्रकार आला. सभासद फक्त उत्पादकच होऊ शकतो आणि शेअर कितीही असले तरी मत एकच. म्हणजे सहकाराचा आत्मा आणि कंपनीचं अंग. सह्याद्री फार्म्स ही अशी शेतकरी उत्पादक कंपनी म्हणून उभी राहिली आणि देशातली सर्वांत मोठी द्राक्ष निर्यातदार झाली. बाहेरचं भांडवल उत्पादक कंपनीत घेता येत नाही, म्हणून प्रक्रियेसाठी उपकंपनी काढली आणि 2022 मध्ये त्या कंपनीत युरोपातल्या गुंतवणूकदारांनी सुमारे 310 कोटी रुपये घातले.

मोहाडीच्या माळावर आता शीतगृहं आहेत, टोमॅटोची प्रक्रिया आहे. हंगामात सकाळी शिफ्टच्या वेळी आसपासच्या गावांतल्या बाया-बापड्यांना घेऊन येणाऱ्या बसगाड्यांची रांग लागते. पांढरी टोपी, हातमोजे, आणि बोलणं मात्र अस्सल दिंडोरीचं. 2020 च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत भाजी-फळांच्या पेट्या इथून गेल्या. पुढाकार एका माणसाचा, पण मालकी हजारो सातबाऱ्यांची. इथे नेतृत्वाची खरी परीक्षा पुढची पिढी खुर्चीत बसेल तेव्हा होणार आहे.

मोठ्या कंपन्यांना 1 एप्रिल 2014 पासून नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक झालं. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता (देणी वजा जाता), हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यांपैकी एक तरी असेल तर. तालुक्याच्या गावातला कापडवाला, ट्रॅक्टरचा एजंट, बेकरीवाला यात कुठेच बसत नाही. तो जे करतो ते अजून जुन्याच रीतीने, मनाला येईल तसं आणि गल्ल्यात उरेल तेवढ्यावर.

पुन्हा येवला

पैठणीला मधल्या काळात वाईट दिवस आले होते. राजेरजवाडे गेले, नायलॉन आलं, लग्नातही पैठणीऐवजी इतर साड्या आल्या. विणकरांची मुलं भिवंडीला, मालेगावला यंत्रमागावर गेली. 1970 च्या दशकापासून सरकारी मदत सुरू झाली, पण धंदा खऱ्या अर्थाने उठला तो गावातल्या काही विणकर-व्यापाऱ्यांनी गावातच विकायला सुरुवात केली तेव्हा. मोठं दालन बांधायचं, मागच्या बाजूला माग ठेवायचा, गिऱ्हाइकाला आधी विणताना दाखवायचं. त्यात दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमाने पैठणी घरोघर नेली, आणि शिर्डीचा रस्ता होताच.

मागच्या खेपेला एका गल्लीत मी माग बघत उभा होतो. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, पायाखाली पावड्या. बंगळुरूचं रेशीम, सुरतेची जर. काठापर्यंत धोटा सरळ पळतो, पण पदराला आलं की चाल मुंगीची होते. रंगारंगाच्या बारीक कांड्या ताण्यावर ओळीने मांडलेल्या, मोराच्या मानेला एक, डोळ्याला एक, चोचीला एक. प्रत्येक कांडी बोटाने घालायची, शेजारच्या रंगात अडकवायची, मग फणी मारायची. उलट्या बाजूनेही मोर तसाच दिसला पाहिजे. विणकर विशीतला होता. माग कुणाचा, असं विचारलं. "एक शेठचा, एक आपला," तो म्हणाला. आपल्या मागावरच्या साडीचे फोटो तो मोबाइलवर टाकतो आणि कोल्हापूर-नागपूरची गिऱ्हाइकं परस्पर मागवतात. शेठला हे माहीत आहे का? तो हसला. "त्यांनीच तर दुसरा माग टाकायला पैसे दिले. फेडले मी."

पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं ते 2010 मध्ये. त्या कायद्याची एक अट येवल्याच्या संदर्भात वाचण्यासारखी आहे : मानांकन एका व्यापाऱ्याच्या किंवा एका पेढीच्या नावावर मिळत नाही, उत्पादकांच्या समूहाला किंवा त्यांच्या वतीने एखाद्या संस्थेलाच मागावं लागतं. ज्या गावात नवा माग टाकायला वाण्याची संमती लागे, त्या गावाच्या साडीच्या नावाचा हक्क आता कुणा एका पेढीचा नाही. सव्वाशे-दीडशे वर्षं लागली.

बाकी अडचणी तशाच आहेत. पालखेडच्या कालव्याचं आवर्तन लांबलं की गावात पाण्याची ओरड होते. यंत्रावरच्या नकली पैठण्या हातमागाच्या नावाने खपतात आणि त्या विकणाऱ्यांत गावातलेही असतात. संक्रांतीला मात्र तीन दिवस येवला दुसरं काही ऐकत नाही. भोगी, संक्रांत, कर. दुकानांची शटरं खाली, सगळं गाव गच्चीवर. हातात फिरकी नाही, लाकडी आसारी. शेठचा मुलगा आणि मागावरचा पोरगा शेजारशेजारच्या धाब्यावरून एकमेकांचा पतंग काटतात. संध्याकाळी कोण जिंकलं यावर वाद होतो, आणि चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा माग सुरू होतात.